तारीख नसलेलं पोस्टर

नेलिदानं ब्रुनोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो महामार्गाकडेच्या भिंतीवरून तिचं पोस्टर सोलत होता. चोर म्हणावा तर कपडे इस्त्रीचे. पालिकेचा माणूस म्हणावा तर पालिका इतक्या हळुवारपणे काहीच काढत नाही. पहाटे लावलेली खळ अजून ओली होती, आणि लिमाची ती नेहमीची भुरभुर – जिला पाऊस म्हणायला लाज वाटते आणि कोरडं म्हणायची सोय नसते – त्याच्या केसांवर पिठीसाखरेसारखी बसली होती.

"ए! हात काढ!"

तो दचकला, पण कोपरा काही सोडला नाही. "माफ करा... पण हे फार सुंदर आहे हो. इथं भिजून वाया जाईल."

"वाया जायलाच लावलंय. पण शनिवारनंतर! शनिवारी नाच आहे. तोवर ते भिंतीचं. रविवारी ये आणि घेऊन जा, हवं तर भिंतीसकट."

"तुम्ही कोण?"

"मी त्याची आई. अक्षरं मी कापलीत."

त्यानं आधी पोस्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पोस्टरकडे, जणू दोघांचं नाक सारखं आहे का ते ताडून बघत होता. मग तळहातानं कोपरा परत चिकटवायला गेला. रंग त्याच्या हातावर आला. रेडियमचा गुलाबी; तो आठवडाभर जात नाही. नेलिदानं हे त्याला सांगितलं नाही.

महामार्गावर पोस्टर लावणाऱ्यांचा एकच कायदा होता, आणि तो सरकारनं केलेला नसल्यामुळे सगळे पाळत. ज्या नाचाची तारीख उलटलेली नाही, त्याच्या पोस्टरवर दुसरं चिकटवायचं नाही. उलटली की मग खुशाल.

ब्रुनो तस्सारा रविवारी आला. मग पुढच्याही रविवारी. मग एका मंगळवारी आला, ज्याला काहीच कारण नव्हतं.

तो समुद्राकडच्या बारांको भागातला. बाटल्यांवरची लेबलं आणि पुस्तकांची मुखपृष्ठं करायचा. ती इतकी साधी असत की छापखाना मध्येच बंद पडला असावा असं वाटे, आणि म्हणूनच त्यांना बक्षिसं मिळत. नेलिदा तिच्या झोरायदा आत्याच्या कारखान्यात काम करायची. महामार्गालगतच्या बितार्ते वस्तीत, एका गल्लीत, पत्र्याखाली लाकडी चौकटीत ताणलेल्या छपाईच्या जाळ्या, त्यांतून रंग ओढायच्या रबरी पट्ट्या, आणि दोऱ्यांवर कपड्यांसारखी वाळत टाकलेली कुंबिया संगीतावरच्या नाचांची पोस्टरं. काळ्या जमिनीवर गुलाबी, हिरवा, नारिंगी. डोळे मिटले तरी दिसत राहतील असे रंग.

"मला शिकवाल?" त्यानं विचारलं.

"काय?"

"ओरडायला. माझी अक्षरं कुजबुजतात."

तिनं त्याच्या हातात अक्षरं कापायचं पातं दिलं. "कोपर उचल. अंहं, खांदा नाही, कोपर... पातं ढकलायचं नसतं, त्याला जायचं असतं तिकडं जाऊ द्यायचं."

"आणि त्याला तुमच्याकडंच जायचं असेल तर?"

"तर बोट कापेल."

बोट कापलंच. तिनं त्यावर चिंधी बांधली, गाठ जरा जास्तच घट्ट. तो "आई गं" म्हणाला नाही, नुसता बघत राहिला... आणि तिला उगाचच पोस्टरांचा वास तीव्र वाटायला लागला.

"ह्या गायकाचे केस," तो दोरीवरच्या एका पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाला, "फार प्रेमानं कापलेत तुम्ही."

"वागनेरचे? तो म्हणतो, चेहरा कसाही काढ, केस नीट काढ."

"वरचेवर येतो का?"

"पोस्टर हवं असलं की येतो."

"त्याला नेहमी हवंच असतं का?"

नेलिदा खाली वाकून जाळी पुसू लागली, कारण हसू लपवायला तेवढीच जागा होती. ब्रुनोचे कान लाल झाले होते. त्या दिवसापासून ती त्याला सलग 'तू' म्हणू लागली; आधी चोर म्हणून म्हणत होती, आता म्हणायचं कारण वेगळं होतं. तोही 'तुम्ही'वरून घसरत घसरत 'तू'वर आला.

धंद्यातली एक गोष्ट तिनं त्याला पहिल्याच आठवड्यात बजावली होती. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. तारीख आणि जागा पिवळ्यात, आणि पिवळा सगळ्यात शेवटी, कारण गायक ऐन वेळी तारखा बदलतात. "बाकी काही चुकलं तरी चालेल, तारीख राहता कामा नये," ती म्हणाली. "तारखेशिवाय पोस्टर म्हणजे नुसता रंगवलेला कागद."

"आमच्याकडं त्यालाच कला म्हणतात," ब्रुनो म्हणाला.

आणि मग फिओरेला आली.

फिओरेला आर्रोस्पिदेची बारांकोत आर्ट गॅलरी होती. रंगाच्या कारखान्यात पांढरे कपडे घालून येणारी बाई एकतर वेडी असते, नाहीतर तिचे कपडे दुसरं कोणीतरी धुतं. फिओरेला वेडी नव्हती. तिनं ब्रुनोच्या गालाला गाल लावला. गावात सगळेच लावतात, त्यात काही नाही. पण लावलेला गाल काढायचाही असतो. मग त्याच्या कानावर हिरव्याचा ठिपका दिसला, तो तिनं अंगठ्यानं पुसला. सावकाश. नेलिदाला तो ठिपका तासभर दिसत होता; तो तिनं स्वतः पुसायला राखून ठेवला होता.

"किती निरागस काम आहे तुमचं!" फिओरेला तिला म्हणाली.

"हो ना," नेलिदा म्हणाली. "ती दोरी ओली आहे, सांभाळा." दोरी कोरडी होती, ओलं होतं ते मागचं पोस्टर. पांढऱ्या पाठीवर पिवळा 'शनिवार' उमटला. नेलिदाला दिवसभर फार बरं वाटलं.

फिओरेलानं प्रदर्शन भरवलं. आत्याची पोस्टरं काचेमागे लागली आणि वर्तमानपत्रांत जुंपली. एकानं लिहिलं, हा शहराच्या डोळ्यांवर मारलेला फटका आहे. दुसऱ्यानं लिहिलं, फटका बसला म्हणून तर डोळे उघडले. तिसऱ्याचं म्हणणं असं की हे रंग महामार्गावर गोंगाट असतात आणि गॅलरीत संगीत. आत्यानं तिन्ही लेख कापून भिंतीवर लावले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच जाळी पुसली. ब्रुनो मात्र रोज गॅलरीत. कारखान्यात यायचा तेव्हा बोलायचा, "फिओरेला म्हणते," "फिओरेलाला वाटतं," "फिओरेलाचं असं आहे की..."

"तिला आणलं असतंस," नेलिदा म्हणाली. "तुझ्या तोंडात अवघडून बसली असेल."

तो हसला. गंमत आहे असं त्याला वाटलं. पुरुषांना बऱ्याच गोष्टी गंमत वाटतात.

एका मंगळवारी सकाळी ती खळीची बादली घेऊन महामार्गावर आली आणि थबकली. भिंतभर नवीन पोस्टरं. काळ्यावर गुलाबी आणि हिरवा, अक्षरं हातभर मोठी:

माझ्याबरोबर नाचशील का? मला नाचता येत नाही.

बस. एवढंच. गायकाचं नाव नाही, हॉल नाही, तारीख नाही. खालच्या बाजूला नुसती काळी जागा.

हात कुणाचा ते तिनं लांबूनच ओळखलं. हिरवा गुलाबीत उतरला होता. पहिला रंग वाळू न देता दुसरा ओढण्याइतका उतावळा माणूस तिनं एकच पाहिला होता. प्रश्न आपल्यालाच आहे असं वाटून ती बादली ठेवून पुढे धावली... आणि तारखेच्या जागी नजर गेल्यावर थांबली.

कारण तारीख विसरता येते हे तिच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. न्हावी कात्री विसरेल, पाद्री प्रार्थना विसरेल, पण पोस्टरवर तारीख? मग तारीख का नाही? ज्यांना भेटायचंय त्यांना ती ठाऊक आहे म्हणून! कधी, कुठं हे त्या दोघांत आधीच ठरलंय. भिंतीला फक्त मिरवायला बोलावलंय. आणि ती दुसरी कोण, हे सांगायला पोस्टर लागत नव्हतं. तिचा अंगठा पुरे होता.

दुपारपर्यंत खात्रीच पटली. पोस्टरासमोर उभी राहून फिओरेला फोटो काढून घेत होती. पुन्हा पांढऱ्यात.

त्या शनिवारी 'लॉस क्लावेलेस' हॉलमध्ये नाच होता, कारखान्यातले सगळे जाणार होते. नेलिदानं पोटदुखी काढली. "कसली पोटदुखी?" आत्यानं विचारलं. "पोटातली," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून निजली. आत्या तिच्याशिवायच गेली. परत आली ती गुणगुणत आली, पण नेलिदानं डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्याचं गुणगुणणं अशा वेळी फार कर्कश लागतं.

ब्रुनो त्या आठवड्यात आलाच नाही. पुढच्यातही नाही. म्हणजे झालंच, नेलिदानं हिशेब मिटवला. तो काय येतोय आता, तो नाच शिकत असेल.

इकडे पोस्टर गाजलं. रेडिओवर वाद. एक प्राध्यापक म्हणाले, हे डोंगरातून पोटासाठी आलेल्यांनी शहराला केलेलं आवाहन आहे. पालिकेतले एक गृहस्थ म्हणाले, नाचता येत नसेल तर भिंत का खराब करता? फिओरेलानं वर्तमानपत्रात कलाकाराचं नाव फोडलं आणि प्रदर्शनात एक पोस्टर काचेमागे लावलं. तारखेबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, कारण ह्या लोकांपैकी कुणी पोस्टर वाचून नाचायला गेलेलं नव्हतं.

तारखेचा प्रश्न पडला तो चिकटवणाऱ्यांना. त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे माक्सिमो काका बादली घेऊन आत्याकडे आले.

"झोरायदाबाई, ह्याची तारीख उलटली का नाही?"

"तारीखच नाही, तर उलटेल कशी?"

"मग झाकायचं कधी? वागनेरचा नाच आलाय तोंडावर. भिंत अडलीय."

"झाकायचं नाही," आत्या म्हणाली, जरा घाईनंच. "कायदा म्हणजे कायदा. हात लावायचा नाही कुणी."

नेलिदा जाळी धूत होती, ती नुसती ऐकत राहिली. म्हणजे ते तिथंच राहणार. रोज जाता-येता. जन्मभर. शहरातल्या यच्चयावत नाचांच्या तारखा उलटतील आणि ह्या दोघांचा नाच मात्र भिंतीवर चालूच राहील!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावरचे सगळे जेवायला बसलेले असताना, ती वागनेरचं पोस्टर आणि बादली घेऊन निघाली. तिच्या हातानं आजवर एकही पोस्टर वेळेआधी झाकलं गेलं नव्हतं. हे कळलं तर आत्याच्या कारखान्याचा एकही कागद महामार्गावर टिकणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं ब्रश बुडवला आणि 'नाचशील का'वर खळीचा पहिला हात फिरवला. मग वागनेरला वर ठेवलं आणि दाबलं, केसांसकट.

"माझं पोस्टर का झाकतेस?" मागून आवाज आला.

आत्या होती. ओठांना रंग. पायांत नवे कोरे लाल बूट.

"तुझं?" नेलिदाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. "तुझं कसं?"

"माझंच! शनिवारी आला होता ब्रुनो. नवा शर्ट घालून. नाचता येत नाही म्हणाला, आणि खरंच येत नाही गं, माझी बोटं अजून दुखतायत. लागोपाठ चार गाणी नाचला माझ्याशी. आता ह्याचा अर्थ काय, ते तूच सांग."

"एकटा आला होता?"

"एकटाच. मी होते की."

"आणि ती... पांढरी?"

"कोण पांढरी? कुणी पांढरी नव्हती." आत्या क्षणभर घुटमळली. ती लबाड होती, पण खोटारडी नव्हती. "दरवाज्याकडे मात्र सारखा बघत होता. मला वाटलं, वारा लागतोय."

नेलिदानं बादली आत्याच्या हातात दिली, समोरून आलेल्या मिनीबसला हात केला आणि लटकली.

बारांकोतल्या ब्रुनोच्या स्टुडिओत मंडळी जमली होती. फिओरेला दोन पत्रकारांना आवाहन म्हणजे काय ते सांगत होती. मध्ये सगळ्यांचे कॉफीचे कप एका ठेंगण्या मेजावर. कोपऱ्यात ब्रुनो, दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं. तिला बघून तो उठला, बसला, पुन्हा उठला.

"तारीख कुठंय?" नेलिदा म्हणाली. कोपरापर्यंत खळ वाळली होती.

"किती अचूक प्रश्न!" फिओरेला पत्रकारांकडे वळली. "तारखेचा अभाव हाच तर ह्या कलाकृतीचा..."

"तुम्हाला नाही विचारलं. ब्रुनो, तारीख कुठंय?"

"कसली तारीख? आहे की. पिवळ्यात."

"पिवळा कुठंय?"

"पिवळा..." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला. रिकामी जागा दिसली की ती तशीच सोडायची ही त्याची जन्माची सवय. स्वतःच्या हातानं चिकटवताना ती काळी जागा त्याला फार छान वाटली होती. शनिवारनंतर तो त्या भिंतीकडे फिरकलाच नव्हता.

नेलिदानं मेजाकडे पाहिलं. मग एकेक कप उचलून पत्रकारांच्या हातात दिला. खाली लाकडी चौकट होती, चौकटीत जाळी, आणि जाळीवर तिनंच शिकवलेल्या वळणाची अक्षरं: शनिवार, चार वाजता, लॉस क्लावेलेस. बाजूला एक छोटंसं फूल. ते तिनं शिकवलं नव्हतं.

जाळी कोरी होती. रंगाचा थेंबही लागलेला नव्हता.

"मी विसरलो," ब्रुनो म्हणाला.

फिओरेलानं तोंड उघडलं आणि, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मिटलं.

"मी थांबलो होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "तू आली नाहीस. मला वाटलं... हेच तुझं उत्तर."

"मला बोलावलं होतंस कुठं?"

"अख्ख्या महामार्गावर बोलावलं होतं!"

"अख्ख्या महामार्गाला बोलावलं होतंस. माझी आत्यासुद्धा बूट घेऊन बसलीय. त्यात मी कुठली हे मला कसं कळायचं? नाव का नाही घातलंस?"

पत्रकारांनी कपातली गार कॉफीही प्यायची थांबवली.

"घाबरलो," तो म्हणाला. "तुझं नाव घातलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर ते सगळ्या भिंतींवर दिसलं असतं. म्हटलं, नाही म्हणालीस तर... हे एक पोस्टरच होतं असं म्हणता येईल."

"म्हणजे पळायला वाट ठेवली होतीस."

"हो."

तिला राग यायला हवा होता. पण इतक्या सरळ 'हो'वर कुठून रागवायचं तेच सापडेना. "मीही काही कमी नाही," ती म्हणाली. "तुझ्या पोस्टरवर वागनेर चिकटवून आलेय. खळ ओली असेल अजून."

"तू?" त्याचे डोळे मोठे झाले. "तू कायदा मोडलास? का?"

"तिच्या अंगठ्यामुळे."

ब्रुनोनं फिओरेलाच्या अंगठ्याकडे पाहिलं. फिओरेलानंही पाहिलं. दोघांनाही काही कळलं नाही, पण नेलिदा त्या अंगठ्याकडे बघायचं टाळतेय, तेवढं त्याला कळलं. तो जवळ आला. बोलायला गेला, अडखळला...

"नेलिदा कुरास्मा," तो शेवटी म्हणाला, अगदी मोठ्यानं, तिनं शिकवलेल्या अक्षरांसारखं. "माझ्याबरोबर नाचशील का? मला अजूनही येत नाही."

"तारीख?" तिनं विचारलं.

"तू सांग."

"रविवार. आणि पोस्टर तिच्यासाठी नव्हतं, हे आत्याला तू सांगायचंस."

महामार्गावर पंचायत बसली. नेलिदानं गुन्हा कबूल केला. ब्रुनोनं पिवळी जाळी पुढे ठेवली. माक्सिमो काकांनी ती उजेडात धरून वाचली, डोकं खाजवलं आणि निकाल दिला: तारीख होती, ती उलटलीही होती, फक्त छापली नव्हती. न छापणं हा मूर्खपणा आहे, गुन्हा नाही. आणि झाकणारीनं उलटलेलंच झाकलं. संध्याकाळपर्यंत सगळी भिंत वागनेरच्या केसांनी भरून गेली. वर्तमानपत्रांत एका महत्त्वाच्या कलाकृतीच्या हत्येबद्दल दोन लेख आले.

रविवारी लॉस क्लावेलेसमध्ये बॅण्ड जोरात होता. फिओरेलाही आली होती, पांढऱ्यात. माक्सिमो काका तिला पाय कसे टाकायचे ते दाखवत होते आणि ती एकदाची काहीही न समजावता ऐकत होती. ब्रुनो वाईट नाचत होता. वाईट म्हणजे मनापासून वाईट. नेलिदाच्या पावलांवर त्याचं पाऊल पडे, तो "माफ कर" म्हणे, ती त्याला आणखी जवळ ओढे, म्हणजे पाय उचलायलाच जागा राहू नये.

"लोक बघतायत," तो तिच्या कानाशी म्हणाला.

"बघू देत. मी काही पोस्टर नाही, झाकायला."

तेवढ्यात खांद्यावर टकटक झाली. लाल बूट.

"एक गाणं माझं," आत्या म्हणाली. "मी त्याला घडवलाय."

"आत्या, तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. सरक."

नेलिदा सरकली. वडीलधाऱ्यांचं ऐकावं म्हणून सरकली, हातात थंडगार पेला घेतला, खांबाला टेकली आणि बघत राहिली. आत्या त्याला गरकन फिरवत होती. तो हसत होता. आत्यानं काहीतरी म्हटलं, तो आणखी हसला. एवढं हसण्यासारखं काय होतं? आणि त्याच्या कानावर पुन्हा एक ठिपका, आज गुलाबी... आत्याचा हात वर जायला लागला.

नेलिदानं पेला खांबाशी ठेवला आणि गर्दीतून थेट मध्ये गेली.

"अगं, गाणं संपायचंय अजून!" आत्या म्हणाली.

"मला ऐकू येतंय," नेलिदा म्हणाली, आणि आत्याचा हात त्याच्या खांद्यावरून उचलून तिथं आपला ठेवला.